नजर ठेवायच्या गटातला एकटा शेजारी

डेलमार क्विस्टाडकडे काम असलेला माणूस आधी माझ्याकडे येतो, कारण आमच्या स्टेनविक टेलिफोन सहकारी संस्थेचं दार उघडलं की समोर मीच बसलेली असते. "डेलमार आहे का?" लोक विचारतात. मी जिन्याकडे बोट दाखवते. "तळघरात आहे. पण थांब, तू तूच आहेस का ते विचारावं लागेल." नवखा माणूस हसतो. जुनी माणसं हसत नाहीत. पलीकडच्याच शेतात चाळीस वर्षं बीट पिकवणारा माणूस असला तरी डेलमार खालून फोनवर मला म्हणणार, "आर्डिस, त्याला विचार, त्याच्या पहिल्या ट्रकचा रंग कोणता होता?"

"तूच वर येऊन बघ की!"

"चेहऱ्यावर माझा विश्वास नाही."

असा हा माणूस. चौतीस वर्षं तळघरात काढली. सहा फूट चार इंच उंच, त्यामुळे पाइपाला डोकं आपटून आपटून कपाळावर एक कायमचा डाग. आमच्या अख्ख्या काउंटीचं इंटरनेट त्याच्या हातातून जायचं, पण स्वतःच्या खिशात मोबाइल नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचा, "मिठाईवाला घरी मिठाई खातो का?" त्याची बायको लोइस शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. ती म्हणायची, "खातो ना, माझ्याकडून चोरून. माझ्या फोनवर रोज हवामान बघतो."

त्याचं काम काय, हे मला कळायला वीस वर्षं लागली. आमच्यासारख्या छोट्या संस्था आजूबाजूला तेरा आहेत. प्रत्येकीकडे एक राउटर. हे राउटर दिवसरात्र एकमेकांशी बोलत असतात: अमक्याकडे जायचं तर माझ्याकडून ये, तमक्याचा रस्ता माझ्याकडे नाही. या बोलण्याला हे लोक सेशन म्हणतात. बोलायला सुरुवात करायच्या आधी दोघांना एकच पासवर्ड माहीत असावा लागतो. पासवर्ड जुळला नाही तर समोरचा कितीही ओरडला तरी यंत्र ढिम्म ऐकत नाही. डेलमारच्या स्वभावाला साजेसंच काम होतं. देवानं आधी काम बनवलं असणार आणि मग त्याच्या मापाचा माणूस.

पासवर्ड बदलायची त्याची रीत मात्र बघण्यासारखी होती. बिटांचे ट्रक रस्त्यावरून कमी झाले, की ऑक्टोबरात एक सोमवार तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

"फोनवर शर्ट दिसतो का रे?"

"मला दिसतो ना."

मग एकेका शेजाऱ्याला फोन. ई-मेलवर पासवर्ड पाठवणं त्याला दारावर किल्ली लटकवण्यासारखं वाटायचं. पलीकडच्या माणसाला आधी दोन खाजगी प्रश्न, तळघरात पाणी शिरलं तेव्हा पंप कोणाचा आणला होतास, सासू कुठल्या पायानं लंगडते. उत्तरं बरोबर आली की नवा पासवर्ड सांगायचा आणि दोघांनी मिळून मोजायचं: एक, दोन, तीन, दाब. दोघांनी तीन मिनिटांच्या आत बटण दाबलं तर सेशन तुटत नाही, जुन्यावरून नव्यावर अलगद सरकतं. एकानं उशीर केला की तुटतं. बारा फोनांना पूर्ण दिवस जायचा, कारण प्रत्येक फोनमध्ये पासवर्डाला तीन मिनिटं आणि सासूच्या पायाला अर्धा तास.

बारा म्हटलं मी. शेजारी तेरा. तेरावा म्हणजे फेअरहिलचा ऑरिन हॉगलंड. (फेअरहिलला टेकडी नाही. तिथल्या धरणीवर संत्रं ठेवलं तर ते घरंगळणार नाही.) त्याचीच ही गोष्ट आहे, आणि डेलमारची.

अकरा वर्षांपूर्वी दोघांचं गूळपीठ होतं. रोज सकाळी दहाला, कॉफीच्या वेळेला, ऑरिनचा फोन यायचा. मी लाइन खाली द्यायचे आणि जिन्यातून डेलमारचं हसणं वर यायचं. हा माणूस हसतो, हे मला त्या फोनांमुळेच माहीत. त्याच सुमारास डेलमारला एक नवी युक्ती सापडली. तेरा शेजाऱ्यांसाठी तेरा वेगळ्या नियमावल्या लिहायच्या, त्यापेक्षा शेजाऱ्यांचे गट करायचे. नियम गटाला एकदा लावला की गटातल्या सगळ्यांना आपोआप लागतो. तो वर येऊन मला कितीतरी वेळ सांगत होता. मी मान हलवत कागद फाडत होते.

त्यानं दोन गट केले. गटाला काहीही नाव देता येतं, यंत्राला काय त्याचं. पहिल्याचं नाव ठेवलं 'भले लोक', दुसऱ्याचं 'चालतील'. ऑरिन अर्थातच भल्या लोकांत पहिला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, फुटबॉलची मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि आमच्या आणि फेअरहिलच्या, दोन्ही गावांतलं इंटरनेट आडवं झालं. कोणाच्या तरी राउटरनं शेजाऱ्याला सांगून टाकलं होतं, की अख्ख्या जगाचा रस्ता माझ्याच दारातून जातो. झालं! दोन गावांची सगळी रहदारी एका बारक्या तारेत घुसली आणि अडकली. पाच तास. माझ्या घरी फोन करून लोकांनी मला जे ऐकवलं, ते मी चर्चमध्येसुद्धा देवाला सांगितलेलं नाही. डेलमार सगळ्यात जास्त घाबरला होता. त्या वर्षी आधीच दोनदा असं झालं होतं आणि संस्थेच्या मंडळानं त्याला तोंडावर सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा झालं तर दुसरी नोकरी बघ.

पण संध्याकाळी फेअरहिलहून ऑरिनचं सहीचं पत्र फॅक्सनं आलं, दोन्ही मंडळांच्या नावानं: चूक आमच्याकडून झाली, दिलगीर आहोत. ऑरिनच्या मंडळानं त्याची त्या वर्षीची पगारवाढ रोखली. आमच्या मंडळानं डेलमारच्या पाठीवर थाप मारली. आणि डेलमारनं काय केलं? तपासून बघितलं? छे! ज्याला शेजाऱ्याच्या कुत्र्याचासुद्धा भरवसा नाही, त्यानं हे पत्र मात्र एका वाचनात खरं मानलं, कारण ते त्याच्या सोयीचं होतं. चिडून त्यानं तिसरा गट उघडला, 'याच्यावर नजर ठेवा', आणि त्यात एकट्या ऑरिनला टाकलं.

एवढ्यावर निभावलं असतं. तळघरातल्या यंत्राच्या पोटात काय नाव लिहिलंय, कोण बघायला जातंय? पण वसंतात बिस्मार्क शहरात सगळ्या सहकारी संस्थांचा मेळावा असतो. तिथे डेलमारला गटांच्या युक्तीवर बोलायला बोलावलं. डेलमारनं आपल्या राउटरची नियमावली जशीच्या तशी पडद्यावर लावली. मी तिथे होते, चहाकॉफीच्या टेबलावर. पहिला गट, दुसरा गट, लोक कौतुकानं बघतायत. तिसरा गट आला. 'याच्यावर नजर ठेवा', सदस्य एक: फेअरहिल.

ऑरिन तिसऱ्या रांगेत मांडीवर रूबार्ब पायची, म्हणजे आमच्याकडच्या आंबटगोड पेस्ट्रीची, बशी घेऊन बसला होता. सभागृहात हशा पिकला, अगदी मोठा. ऑरिन हसला नाही. त्यानं अर्धी पाय तशीच खुर्चीखाली ठेवली आणि उठून गेला. आमच्याकडे लोक नवरा सोडतात, गाव सोडतात, पण अर्धी पाय टाकून कोणी जात नाही. डेलमार पडद्यासमोर हातात काठी घेऊन उभा, कानापर्यंत लाल. त्याला नाव काढायचं सुचलंच नव्हतं. ती नियमावली तो रोज इतका बघायचा, की त्यातलं नाव त्याला दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

आता यातला खरा वाईट भाग सांगते. त्याच वर्षी पानगळीत एक दिवस डेलमार वर आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आर्डिस, ते कुंपण आमच्याच बाजूचं पडलं होतं."

"कुठलं कुंपण?"

"त्या रविवारचं. प्रत्येक शेजाऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, त्याचं एक कुंपण असतं. मी ऑरिनला गटात हलवलं, तेव्हा त्याचं जुनं कुंपण निघून गेलं आणि गटाला नवं लावायचं मी विसरलो. जगाचा रस्ता माझ्या दारातून जातो, असं माझंच यंत्र त्याला सांगत होतं. आज जुनी फाइल चाळताना दिसलं."

"मग त्यानं का लिहून दिलं, चूक त्याची म्हणून?"

"त्यालाही कळलं नसेल. साधा माणूस आहे."

"मग कर की फोन!"

"करतो," तो म्हणाला आणि खाली गेला. त्याला दहा वर्षं झाली.

दहा वर्षं दोघं बोलत नव्हते असं मात्र नाही. यंत्रात एक मजेशीर सोय आहे. सेशन मुद्दाम बंद करायचं असेल, तर बंद करता करता शेजाऱ्याला एक ओळ लिहून पाठवता येते, जेमतेम सव्वाशे अक्षरांची. दुरुस्ती चालू आहे, दुपारपर्यंत येतो, असलं काहीतरी लिहायला. या दोघांनी तिचा चावडीसारखा उपयोग केला. बोलायचं असेल तर आधी संबंध तोडायचा, तोडता तोडता बोलायचं, मग पुन्हा जोडायचा! महिन्यातून एकदा 'दुरुस्ती' निघायची. डेलमार लिहायचा, "दहा मिनिटं बंद. दुरुस्ती म्हणजे काय, ते कोणालातरी विचारून घे." पुढच्या महिन्यात फेअरहिलहून यायचं, "तुझ्याशी बोलणं बंद झालं आणि आमचं इंटरनेट जोरात धावायला लागलं. योगायोग असेल." डेलमार ते कागदावर उतरवून वर आणायचा. "बघ, मेल्याची भाषा बघ," म्हणायचा आणि दिवसभर खुशीत असायचा.

"यात 'चूक माझी होती' एवढं लिही की," मी एकदा म्हटलं.

"सव्वाशे अक्षरांत मावत नाही."

मी मोजून दाखवलं. चूक माझी होती, माफ कर, एवढं लिहून वर हवामानाची चौकशी करण्याइतकी जागा उरत होती. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि मला आठ दिवस गुड मॉर्निंग केलं नाही.

अशात त्याची निवृत्ती आली. शेवटचा दिवस शुक्रवार. आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून तपासनीस बाई आली, हातात तक्त्यांची वही. यंत्रांचा विमा उतरवायचा तर कुलपं नीट आहेत का, हे बघायला.

"समोरच्या माणसाची ओळख कशी पटवता?" तिनं विचारलं.

"आवाजावरून," डेलमार म्हणाला. "शिवाय सासूच्या पायावरून."

तिनं लिहिलं: पद्धत नाही. मग पासवर्डांच्या तारखा बघितल्या. बारा ठीक. तेराव्याला अकरा वर्षं. तिनं चष्मा वर केला. "हा शुक्रवारपर्यंत बदला, नाहीतर हे सेशन कायमचं बंद करायला लागेल. बदलताना जराही खंड पडला तर तक्त्यात कारण लिहायचं, सहीनिशी."

हे सेशन बंद म्हणजे आमच्या इस्पितळाचा आणि शेरीफच्या फोनांचा दुसरा रस्ता बंद. पण डेलमारचा चेहरा उतरला तो इस्पितळासाठी नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी किल्ल्या दिल्या, की यंत्रही गेलं आणि ती सव्वाशे अक्षरंही गेली. मग ऑरिनला काही सांगायचं तर सरळ त्याच्या दारात जाऊन सांगायला लागलं असतं, आणि हा गडी ते मरेपर्यंत करणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तरी त्यानं एक पळवाट काढून बघितलीच. बुधवारी सेशन बंद केलं आणि लिहिलं, "पासवर्ड बदलायचा आहे. शुक्रवारच्या आत फोन कर." तासाभरानं फेअरहिलनं आपल्या बाजूनं बंद केलं: "तुला बदलायचा आहे, तूच कर. नंबर तोच आहे."

शुक्रवारी पावणेदहाला त्यानं मला खाली बोलावलं.

"मी कशाला?"

"साक्षीदार लागतो."

"कुठल्या नियमात?"

"बस ना, आर्डिस."

इस्त्रीचा शर्ट होता. लोइसनं पाठवलेला केक टेबलावर तसाच झाकलेला. त्यानं स्पीकर लावला, नंबर फिरवला. तीन वेळा चुकला. मी बघत राहिले.

"फेअरहिल टेलिफोन, मी टेसा बोलतेय," एका तरुण मुलीचा आवाज आला.

डेलमारचं तोंड उघडं ते उघडंच. "ऑरिन हॉगलंडना द्या."

"ते निवृत्त झाले. तीन वर्षं झाली. त्यांचं काम आता मी बघते. तुम्ही स्टेनविकचे डेलमार ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं का? होतं की. फेअरहिलच्या निम्म्या बायका माझ्या मावसबहिणी आहेत. पण मला विचारलं कोणी?

"मग दर महिन्याला त्या ओळी..." डेलमार म्हणाला, "त्या तू लिहितेस?"

"टाइप मी करते. सांगतात ते. रोज दहाला इथे कॉफी प्यायला येतात, तुमची ओळ आली का ते बघतात, आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस विचार करतात. बुधवारी मात्र लगेच सुचलं त्यांना."

"रोज येतो? मग आत्ता..."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. टेसा म्हणाली, "ऑरिन म्हणतायत, ऑरिन इथे नाहीत."

मला हसू फुटलं. डेलमारनं माझ्याकडे असं बघितलं, की मी केकवरचा कागद नीट करायला लागले.

"हे बघ मुली," तो म्हणाला, "मी तुला ओळखत नाही. तुझा आवाज मी आजपर्यंत ऐकलेला नाही. तू फेअरहिलची आहेस कशावरून? आणि तिथे ऑरिन बसलाय हे तरी कशावरून? ओळख पटल्याशिवाय मी पासवर्ड सांगणार नाही."

"मग त्यांनाच काहीतरी विचारा. फक्त त्यांनाच माहीत असेल असं."

डेलमारनं खुर्ची पुढे ओढली, मागे ओढली. डोकं पाइपाला आपटलं, तरी त्याला कळलं नाही. मी मनात म्हटलं, विचार आता पंपाचं, विचार सासूचं आणि मोकळा हो.

"त्याला विचार," तो हळूच म्हणाला, "त्या रविवारी चूक कोणाची होती?"

टेसा म्हणाली, "ते म्हणतायत, माझी. पत्र दिलंय तसं, सहीनिशी."

"चुकीचं उत्तर," डेलमार म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "पुन्हा विचार त्याला."

पलीकडे कोणीतरी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"ते विचारतायत, तुम्हाला कधी कळलं?"

"पुढच्या वर्षी. पानगळीत."

"ते म्हणतायत..." टेसाही आता हळू बोलत होती, "त्यांना त्याच रविवारी कळलं होतं. संध्याकाळी पाचला. तुमच्या यंत्रानं काय काय सांगितलं, ते सगळं त्यांच्याकडे उमटलं होतं."

मला राहवेना, मीच बोलले. "मग पत्र का दिलं त्या बाबानं? पगारवाढ गेली त्याची!"

"ते म्हणतायत, लोइसच्या औषधांसाठी."

आता हे सांगायला हवं. त्या वर्षी लोइस मे महिन्याच्या उन्हातसुद्धा लोकरीची टोपी घालून चर्चला यायची. आम्ही सगळ्यांनी टोपीचं कौतुक केलं आणि एकीनंही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. डेलमारनं मला सांगितलं तेसुद्धा दोन वर्षांनी, ती बरी झाल्यावर. औषधोपचार सगळे त्याच्या नोकरीच्या विम्यावर चालले होते. नोकरी गेली असती, तर ते त्याच दिवशी थांबले असते.

"त्याला कोणी सांगितलं?" डेलमार जवळजवळ ओरडलाच. "मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कोणालाही!"

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला, आणि मग अकरा वर्षांनी तो घोगरा आवाज, जरा म्हातारा झालेला.

"लोइसनंच फोन केला होता, बाबा. तू तळघरात बसून तारा उचकत होतास तेव्हा. म्हणाली, यात याची चूक निघाली तर याला काढतील. रडत नव्हती हं. हवामान विचारलं आधी. मग म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस, त्याला सोसणार नाही."

"आणि तू..."

"मी शब्द दिला. नंतर तू माझं नाव पडद्यावर लावलंस. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? लय वाईट वाटलं. पण ते दोन महिन्यांत गेलं."

"मग अकरा वर्षं गप्प का बसलास रे?"

"तुला माहीत आहे, माझ्या पोटात काही राहत नाही," ऑरिन म्हणाला. "रोज दहाला तुझ्याशी बोलत राहिलो असतो, तर एक दिवस बोलून गेलो असतो. सव्वाशे अक्षरांत मात्र मला तोंड आवरता येतं."

डेलमारनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसला. मी केकवरचा कागद तिसऱ्यांदा नीट केला. मी कुठल्या बाजूनं रडावं तेच मला कळेना.

"पासवर्ड सांग आता," ऑरिन म्हणाला. "पोरीला काम आहे."

डेलमारनं सांगितला. एकेक अक्षर, दोनदा. टेसानं परत म्हणून दाखवला.

"एक," टेसा म्हणाली. "दोन. तीन. दाबलं."

डेलमारचा हात बटणावर होता आणि हलत नव्हता. मी बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"डेलमार," मी म्हटलं.

"ती रोज माझ्यासमोर बसायची, आर्डिस. मी जेवताना त्याला शिव्या घालायचो, आणि ती म्हणायची, अजून बटाटे घे."

तिसरं मिनिट उलटलं. पडद्यावर फेअरहिलची ओळ लाल झाली. सेशन तुटलं होतं.

"अरे दाब ना, म्हाताऱ्या!" ऑरिन पलीकडून ओरडला. "इथे सगळं लाल झालंय!"

डेलमारनं दाबलं. अर्ध्या मिनिटानं ओळ पुन्हा हिरवी झाली. वर माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला होता, कोणीतरी तक्रार करायला. मी उठले नाही.

तपासनीस बाईचा तक्ता टेबलावरच होता. खंड किती पडला: अर्धं मिनिट. त्याच्या पुढे कारणासाठी लांबच लांब रकाना होता. डेलमारनं पेन उघडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूक माझी. खाली तारीख घातली, पण ती आजची नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची होती. मग सही केली.

"हा फेअरहिलला फॅक्स कर," तो मला म्हणाला. "दोन्ही मंडळांच्या नावानं."